हॉलिसच्या चाकाखालचं लिंबू

"तुझी कंपनी मेली, मनो! मेलेल्याचे जोडे किती दिवस पुसत बसणार आहेस?"

हेंकचा आवाज गॅरेजच्या पत्र्यावर आपटून बाहेर आला, तशी नीलांबरी डबा हातात धरून दारातच थबकली. आत जावं की माघारी फिरावं, तिला कळेना. डच माणूस तोंडावर कडू बोलतो, पण ओरडत नाही. आणि हेंक तर मालक असून कामगारांना स्वतःच्या हातानं कॉफी करून देणारा. तो ओरडतोय म्हणजे आत काहीतरी चांगलंच मोडलेलं असणार.

मनोहर, तिचा नवरा, त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होता. त्याचं डच आधीच मोडकं, त्यात रागावला की अर्धं मराठीच. "मेली नाही, आजारी आहे! तुमच्यात आजारी माणसाला लगेच पुरतात का?"

"अमेरिकेत दिवाळं निघालंय तिचं. इथली सगळी दुकानं बंद करायचा हुकूम आलाय. महिनाअखेर मी किल्ल्या देणार."

"दे. पण ती परत येईल. आणि येईल त्या दिवशी मी तिच्या वर्कशॉपात पाना घेऊन उभा असेन. तू बाहेरून काचेतून बघत बस!"

मग हेंक हळू आवाजात म्हणाला, "तिला तुझं नावसुद्धा ठाऊक नाही रे, मनो."

नीलांबरीनं डबा दाराशी स्टुलावर ठेवला आणि पाय न वाजवता सायकलकडे गेली. संध्याकाळी डबा घरी आला तो चाटूनपुसून लख्ख. भरली वांगी होती त्यात, आणि मनोहरला वांगं आवडत नसे. म्हणजे भांडण झाल्यावर ती खाल्ली कोणी, हे विचारायची गरजच नव्हती.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. पण मनोहर आणि हॉलिस कंपनी यांची गाठ त्याच्या आधीची. मनोहर मूळचा चिंचवडचा, ट्रकच्या कारखान्यात इंजिनं जोडणारा. नीलांबरीला हॉलंडात लायडनला प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि तो तिच्यामागे तिच्या व्हिसावर आला. चुलत्यांनी लग्नकार्यात तोंडसुख घेतलं, "बायकोचा पदर धरून विमानात चढला!" मनोहर हसायचा. पण झूटरमेरच्या फ्लॅटमध्ये पहिलं वर्षभर त्यानं भाजी चिरत खिडकीतून लोकांच्या गाड्या बघण्यापलीकडे काही केलं नाही, तेव्हा ते हसूही आटत चाललं होतं.

मग एके दिवशी तो सायकलवरून पाव आणायला गेला, तर रस्त्यात एक गाडी अडकलेली. गाडी कसली, लग्नाचा मांडवच! ही लांब, ही रुंद, आणि एकटा टकला माणूस मागून तिला ढकलतोय, लालबुंद होऊन. मनोहरनं सायकल झाडाला टेकवली आणि खांदा लावला. गॅरेजपर्यंत दोघांनी ढकलत नेली. घाम पुसता पुसता हेंकनं विचारलं, "उद्या येशील का?" पाव आणायचा राहिलाच, नोकरी घेऊन घरी आला.

त्या मांडवाचं नाव हॉलिस. तिची सगळी कुळकथा हेंकनं मनोहरला सांगितली, मनोहरनं नीलांबरीला, इतक्या वेळा की तिला ती आरतीसारखी पाठ झाली. मिशिगनमधले दोन भाऊ, आधी घोडागाडीची चाकं करायचे. मग चाकांवर इंजिन बसवलं. लढाईच्या दिवसांत लष्कराचे ट्रक केले, लढाई संपल्यावर माणसांच्या गाड्या, आणि मग काय विचारता, अमेरिकेत दर गल्लीत एक हॉलिस. त्याच सुमाराला हेंकच्या बापानं इथं एजन्सी घेतली. इथले रस्ते अरुंद, कालव्यांवरचे पूल त्याहून अरुंद, पण ट्यूलिपची शेती करणारे पैसेवाले शेतकरी हॉलिसच घेत. रविवारी चर्चच्या दारात ती उभी राहिली की बाकीच्या गाड्या तिची पिल्लं वाटायची. पुढे पेट्रोल महागलं. जपानी गाड्या आल्या, लहान, काटकसरी. हॉलिसवाले म्हणाले, आमची गादी मऊ आहे, लोक कुठे जातात? लोक गेले. गादी मऊच राहिली.

तरी मनोहरच्या काळात महिन्याला दोन-तीन गाड्या विकल्या जात. आपल्याकडे नवी गाडी घरी न्यायची तर चाकाखाली लिंबू ठेवतात. मनोहरनं पहिल्याच गाडीला ते ठेवलं, पण ठेवलं इथल्या दुकानातलं पिवळं, जाड सालीचं, मुठीएवढं लिंबू. हेंकनं गाडी पुढे घेतली आणि ते लिंबू फुटायच्या ऐवजी गोळीसारखं सुटलं ते गिऱ्हाइकाच्या नडगीवर! नोटरीबाई होत्या एक. मनोहरला वाटलं, गेली नोकरी. बाई नडगी चोळत म्हणाल्या, "ही तुमच्याकडची गॅरंटी का?" तेव्हापासून तो अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात सुरीनामी लोकांच्या दुकानात जाऊन लहान, पातळ सालीची हिरवी लिंबं आणायला लागला. लोकही मागू लागले. "माझ्या गाडीचं लिंबू राहिलं," असं म्हणत एक आजोबा मुद्दाम परत आले होते. लिंबू चिरडलं की मनोहर किल्ली हातात देई आणि दर वेळी तेच वाक्य म्हणे, "थंडीत लगेच पळवू नका. आधी दोन मिनिटं जागी होऊ द्या."

गॅरेज बंद झालं तेव्हा हेंकनं सुटे भाग भंगारात काढले आणि मनोहरनं ते भंगारातून घरी आणले. इमारतीखाली प्रत्येक फ्लॅटला सामानाची एक कोठडी असते; नीलांबरीच्या लोणच्याच्या बरण्या तिथं हॉलिसच्या पंपांच्या मांडीला मांडी लावून बसल्या. दिवसा मनोहर स्टेशनाजवळच्या दुकानात सायकलींची पंक्चरं काढायचा. शनिवारी, ज्यांच्याकडे हॉलिस उरल्या होत्या ते त्याला शोधत यायचे. गादी मऊ म्हणून गाडी सोडवत नव्हती त्यांना.

"त्या कंपनीनं तुम्हाला साधा रामराम केला नाही जाताना," नीलांबरी म्हणायची.

"आजारी माणसाला कसलं गं मानपानाचं सुचतंय," तो म्हणायचा, आणि ग्रीसचे हात तिच्या चांगल्या टॉवेलला पुसायचा.

मग करोना आला. हेंक तेव्हा वृद्धांच्या निवासात होता, पायांनी अधू झालेला. मार्चात निवासाची दारं बंद झाली, लेकीलासुद्धा आत सोडेनात. हेंकची जुनी निळी हॉलिस त्याच्या घरासमोर उभी. उभी गाडी लवकर मरते, म्हणून मनोहर दर शनिवारी ती काढायचा आणि निवासाला वळसा घालून हेंकच्या खिडकीखाली आणायचा. दोनदा हॉर्न. पडदा सरकायचा. मग दोघं फोन कानाला लावून काचेच्या दोन बाजूंनी बोलायचे. नीलांबरी शेजारच्या सीटवर मास्क लावून बसलेली. तिला मनोहरचं ते जुनं 'बाहेरून काचेतून बघत बस' आठवायचं. काच आली होती खरी, पण आत कोण आणि बाहेर कोण, ते उलटंच झालं होतं.

"आली का तुझी कंपनी?" हेंक विचारायचा.

"वाटेत आहे," मनोहर म्हणायचा. "तुझ्यासारखी हळू चालते."

एका शनिवारी तो ओरडतच गाडीतून उतरला. बातमी आली होती. हॉलिस नव्या मालकानं घेतली, आता विजेच्या गाड्या काढल्या, अमेरिकेत त्यांच्यासाठी रांगा लागल्यात आणि पुढच्या वर्षी झुइडओस्टला दुकान आणि वर्कशॉप. "ऐकलंस का, थेरड्या? जिवंत झाली!"

हेंकनं खिडकीतून खाली आपल्या गाडीकडे पाहिलं. "चांगलं झालं," तो म्हणाला. "पण मनो, पुन्हा उभी राहिलेली माणसं जुने फोटो भिंतीवर ठेवत नाहीत."

"तू वांगी खाऊन माझं वाईट चिंततोस."

"वांगी छान होती," हेंक म्हणाला.

हिवाळ्यात दोघांनाही करोनानं गाठलं. हेंक गेला. मनोहर इस्पितळातून परत आला, पण छातीत जणू अर्धाच भाता उरला. हेंकला निरोप द्यायला मोजक्याच माणसांना परवानगी; मनोहरनं तो लॅपटॉपवर पाहिला, पलंगावर उशांना टेकून, अंगात इस्त्रीचा शर्ट घालून. नंतर हेंकच्या लेकीनं निळ्या हॉलिसची किल्ली आणून दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवली आणि लांब उभी राहून म्हणाली, "बाबांनी सांगितलं होतं."

त्या सगळ्या आजारपणात मनोहरनं एकच ध्यास धरला होता. वर्कशॉप उघडेल तेव्हा आपण आत असायचं. श्वासाचे व्यायाम तो त्यासाठी करायचा. देवासाठी नाही, बायकोसाठी तर नाहीच, असं नीलांबरी हसून सांगायची आणि मग आत जाऊन डोळे पुसायची.

सप्टेंबरात दुकान उघडलं. दोघं आधी ट्रेननं, मग मेट्रोनं गेले. पांढरं स्वच्छ, इस्पितळासारखं. वर्कशॉपाला मोठी काच, आत तेलाचा एक थेंब नाही. भेटायला आलेला साहेब निघाला मराठी मुलगा, सिद्धार्थ, डेल्फ्टला शिकलेला, नाशिककडचा.

"मनोहरकाका ना तुम्ही, इथले हॉलिसवाले? मी तुमच्याबद्दल ऐकलंय! बसा ना, काकू तुम्हीपण."

नाव ठाऊक होतं तर! मनोहरनं नीलांबरीकडे असं पाहिलं, की हेंक असायला हवा होता.

पण पुढे सिद्धार्थची मान खाली गेली. "काका, खरं सांगू? वर्कशॉपात हाय व्होल्टेजचं काम असतं. त्याचं ट्रेनिंग लांबलचक, त्यात मेडिकल... तुमची छाती..." तो थांबला. "पण एक काम आहे. लोक जुन्या हॉलिस देऊन नवीन घेतायत, सूट मिळते म्हणून. त्या गाड्या चालवत यार्डात न्यायला माणूस लागतो. आजकालच्या पोरांना त्या नीट चालवता येत नाहीत."

"यार्डात म्हणजे?"

"मोडायला, काका."

मनोहर काचेपलीकडे बघत राहिला. आत एक गाडी वर उचललेली, पोट एकदम सपाट, खाली बघण्यासारखं काहीच नाही.

"मी करीन," तो म्हणाला.

घरी आल्या आल्या नीलांबरी फुटली. "बारा वर्षं ज्यांना जगवलंत, त्यांनाच खाटकाकडे न्यायचं? लाज नाही वाटत त्या पोराला? तुम्हाला तरी?"

"दुसऱ्या कोणी नेल्या तर गिअर ओरबाडत नेतील," मनोहर म्हणाला. बस्स, एवढंच.

तसा तो न्यायचा. गाडी घ्यायला जाताना बादली आणि फडकं सोबत. काचा पुसायचा, टायरची हवा बघायचा, इंजिन दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचा. मालक म्हणायचे, आता कशाला? तो म्हणायचा, सवय आहे. नोटरीबाईंची गाडीही त्यानंच नेली. बाई गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी वरूनच स्वतःच्या नडगीकडे बोट दाखवलं. मग दोघांनीही मान दुसरीकडे वळवली.

यार्डात एक नियम होता, आलेल्या गाडीतून काहीही काढायचं नाही, अख्खीच दाबायची. मनोहरच्या कोठडीतले भाग संपत आले होते आणि निळ्या हॉलिसला जे हवं होतं ते त्याच्या डोळ्यांसमोर चपटं होत होतं. एकदाच त्यानं विचारलं. यार्डातला माणूस म्हणाला, "नियम माझे नाहीत." वाईट नव्हता तो.

पुढच्या मार्चात निळी हॉलिस वार्षिक तपासणीला गेली आणि नापास होऊन आली. पोटाखालून गंजली होती. तपासणाऱ्यानं बोट लावलं तर बोट आत गेलं. सिद्धार्थचा फोन आला, "काका, ही मी दुसऱ्या कोणाला न्यायला सांगतो." मनोहर म्हणाला, "उद्या सकाळी तयार ठेवतो." तो त्याचा शेवटचा फेरा ठरेल, हे तेव्हा कोणाला ठाऊक! पुढच्या थंडीपर्यंत त्याच्या छातीनं त्याला दाराच्या आतच धरून ठेवलं आणि मग सोडलं ते कायमचंच.

सकाळी त्यानं गाडी धुतली. मधे दोनदा टेकून उभा राहिला. नीलांबरी काही न विचारता शेजारी येऊन बसली.

"इंजिन काकवीसारखं चालतंय आज," ती म्हणाली.

"थंडी आहे. जागी होऊ दे."

दोन मिनिटं दोघं तशीच बसून राहिली, हीटरच्या कोमट वासात. मग निघाली. यार्डाचा रस्ता सरळ होता, पण मनोहरनं डावीकडे वळवली, निवासाला वळसा घातला. हेंकच्या खिडकीत आता दुसऱ्याच कोणाचं तरी जांभळं ऑर्किड होतं. त्यानं गाडी खाली उभी केली आणि दोनदा हॉर्न वाजवला. पडदा सरकला. एक अनोळखी म्हातारी खाली बघून गोंधळली, मग उगाचच तिनं हात हलवला. नीलांबरीनंही हलवला.

यार्डाच्या फाटकाशी मनोहर उतरला, खिशातून लिंबू काढलं आणि वाकून पुढच्या चाकाखाली ठेवलं. उठताना त्याला धाप लागली. नीलांबरी धरायला गेली, त्यानं मानेनंच नको म्हटलं. गाडीत बसला, पुढे घेतली. लिंबू फुटलं. पातळ सालीचं होतं, आवाजही नीट आला.

यार्डातला माणूस हातमोजे घालत आला. मनोहरनं किल्ली रुमालानं पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"थंडीत लगेच पळवू नका," तो म्हणाला. "आधी दोन मिनिटं जागी होऊ द्या."