मला माहीत नसलेली सिगारेट

“अहो, ती आली. विझवा.”

मागच्या फाटकाशी मी हे ऐकलं. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून दबक्या आवाजात गॅरेजकडे बघून बोलत होती. मी कडीवरचा हात काढला, पुन्हा रस्त्यावर गेले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. आत शिरले तेव्हा बाबा गॅरेजच्या दारात सायकलचा पंप हातात घेऊन उभे होते. आमच्याकडे सायकल नव्हती.

“आज लवकर सुटलीस?”

“हो,” मी म्हणाले.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. रोज स्टॅनमोरहून ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, मध्य लंडनला नोकरीला जायचे. आणि बाबा सिगारेट ओढतात हे मला माहीत नाही, असं आमच्या घरात अजून गृहीत धरलेलं होतं. पुण्यात बाबांनी आजोबांसमोर कधी सिगारेट काढली नाही. मोठ्यांसमोर ओढायची नाही, तशी मुलीसमोरही नाही, असा त्यांनीच नियम केला असावा. इथे इंग्लंडला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मागचं दार उघडण्याआधी मी एकदा खोकायचे, त्यांना वेळ मिळावा म्हणून. नव्या शाळेत मी कुणाशी फारसं बोलत नव्हते, घरीही नाही. हे न बोलणं मला सोपं गेलं. ते मला प्रेमच वाटायचं.

ऑफिसं आणि पब यांत सिगारेट कायद्याने बंद झाली, त्यानंतरचा तो दुसरा हिवाळा. बाबांना जिना एका दमात चढवेना. मधल्या पायरीवर थांबून ते भिंतीवरचा फोटो सरळ करायचे. फोटो सरळच असायचा. हॉस्पिटलात सांगितलं, घरी ऑक्सिजन देता येईल, पण सिगारेट पूर्ण बंद झाल्यावरच. ऑक्सिजनच्या नळीजवळ पेटती सिगारेट आली तर चेहरा भाजतो. घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, “आपला काय संबंध? मी केव्हाच सोडली.” ‘केव्हाच’ म्हणजे केव्हा, हे मी विचारलं नाही. गाडी चालवत राहिले.

त्याच आठवड्यात शॉपिंग सेंटरमधल्या एका स्टॉलवर मी इलेक्ट्रिक सिगारेट पाहिली. पांढरी, ओढली की टोकाला लाल दिवा लागणारी. विकणाऱ्याने हसून विचारलं, बॉयफ्रेंडसाठी का? वडिलांसाठी म्हणायला तोंड उघडेना. मी हो म्हणाले.

घरी आणल्यावर कळलं की ती हातात द्यायची कशी, याचा मी विचारच केला नव्हता. द्यायची म्हणजे मला माहीत आहे हे कबूल करायचं. म्हणून मी ते खोकं गॅरेजमध्ये रंगाच्या जुन्या डब्यावर ठेवलं आणि आत आले. दुसऱ्या दिवशी ते फोडलेलं होतं. पुढच्या आठवड्यात डब्यावर तिच्यात घालायची निकोटिनची दोन कार्ट्रिज रिकामी दिसली, नीट शेजारी शेजारी ठेवलेली. मी नवी आणून ठेवली. असं महिनाभर चाललं. एवढ्या वर्षांत आमचं त्या विषयावर झालेलं तेवढंच बोलणं. मला वाटलं, जमलं.

मग मी बाबांना श्वसनविकारांच्या नर्सकडे घेऊन गेले. नर्स वयस्कर होती, मऊ बोलणारी. तिने श्वासात धुरातला विषारी वायू किती आहे ते दाखवणाऱ्या एका छोट्या यंत्रात फुंकायला सांगितलं. आकडा बघून तिने विचारलं, “शेवटची सिगारेट कधी?”

“महिना झाला,” बाबा इंग्रजीत म्हणाले. “बाहेर ट्रॅफिक फार आहे. शिवाय घरी गॅसची शेगडी.”

“इलेक्ट्रिकवाली वापरणाऱ्यांचाही आकडा इतका येत नाही,” ती शांतपणे म्हणाली. “घरात आणखी कुणी ओढतं?”

“छे. माझ्या मुलीला तर वासही सहन होत नाही.” हे ते अभिमानाने म्हणाले.

म्हणजे दोन्ही चालू होतं. मी कार्ट्रिज आणत राहिले होते आणि बाबा त्या कार्ट्रिजच्या जोडीला खरी सिगारेटही ओढत राहिले होते. घरी मी विचारणार नाही, याची त्यांना खात्री होती. ती खात्री मीच त्यांना पंधरा वर्षं दिली होती.

नर्सने माझ्याकडे पाहिलं. तिच्यापुढे ऑक्सिजनचा फॉर्म होता. मी होकारार्थी मान हलवली असती तर तिने कदाचित सही केली असती. बाबा खाली बघत होते. कोट अंगावरच होता आणि उजवा हात खिशात. काहीतरी मुठीत धरलं असावं, पाकीट किंवा लायटर. नुसतं बसूनही त्यांचे खांदे वरखाली होत होते.

नर्सला कळू नये म्हणून मी मराठीत बोलले.

“बाबा, तुम्ही ओढता हे मला लहानपणापासून माहीत आहे. आता यांना तुम्हीच सांगा.”