भोयरच्या गाडीत अर्थ नाही

लोकांच्या गाड्यांचे किलोमीटर वाढतात, भोयरच्या गाडीचे किस्से वाढतात. आमच्या ऑफिसात लंच टाइमला कुणी चुकून तिचं नाव काढलं की डबे उघडेच राहतात, पोळ्या वाळतात आणि पाणीसुद्धा प्यायचं राहून जातं. परवा एक नवीन मुलगी जॉइन झाली. तिला वाटलं, आम्ही कुणा आजारी नातेवाइकाबद्दल बोलतोय. तिची चूक नाही. आम्ही गाडीचं नावच 'पेशंट' ठेवलंय.

पेशंट म्हणजे पांढरी, सात सीटर, डिझेलची म्हातारी एसयूव्ही. अकाउंट्समधला भोयर, स्टोअरमधला पडोळे आणि मी, असे तिघं रोज तिच्यात बसून नागपूरच्या नंदनवनातून मिहानला ऑफिसात जातो. निदान निघतो तरी. भोयरनं अर्धं आयुष्य स्कूटरवर काढलं. चाळिशी उलटल्यावर ही गाडी घेतली आणि हिच्यावरच चालवायला शिकला. त्यामुळे त्याचा तिच्यावर जीव आहे. आणि त्याच्या बायकोचा, कुंदावहिनींचा, तिच्यावर डोळा आहे, कधी विकली जाते म्हणून!

०००

एका सोमवारी पेशंटला नवीनच दुखणं जडलं. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न वाजायचा. सरळ जाताना गप्प, उजवीकडे वळताना गप्प. डावीकडे वळताना मात्र असा कोकलायचा, की समोरचा स्कूटरवाला थेट फुटपाथवर!

पहिल्याच वळणावर एक सायकलवाले आजोबा थांबले. खाली उतरले. सावकाश मागे वळून म्हणाले, "आयकू आलं ना बाबू! आता काय मांडीवर बसून वाजवतं?"

स्टिअरिंगच्या आतली पट्टी झिजून हॉर्नच्या तारेला टेकत होती, हे नंतर कळलं. त्या वेळी पुढे दवाखाना होता आणि तिथे डावीकडे वळायचं होतं. पडोळेकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो. तो म्हणाला, "डावीकडं वळाचंच काहून? तीनदा उजवीकडं वळलं का माणूस डावीकडंच जाते!"

गणित बरोबर होतं. आम्ही उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे करत निघालो. एका चौकातल्या चहावाल्याला आम्ही इतक्यांदा दिसलो, की शेवटी तो हात हलवायला लागला. ऑफिसात पोचलो तेव्हा मॅनेजरसाहेब दारातच उभे. साहेब मुंबईहून नुकतेच बदलून आलेले.

"इतका उशीर?"

पडोळे खरं तेच बोलला. "सर, आज डावं बंद होतं."

साहेबांचा चेहरा एकदम बदलला. "डाव्यांचा बंद? मला कुणी सांगितलं नाही! मग तुम्ही आलात तेच खूप झालं. चहा घ्या!"

०००

काटोलला वहिनींच्या भाचीचं लग्न होतं. हिवाळ्याचे दिवस होते म्हणून बरं, नाही तर हा किस्सा हसून सांगता आला नसता.

लॉनच्या दारात गाडी थांबली. मी आणि पडोळे आधी उतरलो. भोयर उतरला आणि त्यानं ऐटीत दार आपटलं. खट्! चारही लॉक खाली. आत वहिनी, पैठणी आणि चावी.

वहिनींनी आतून सगळ्या खटक्यांशी झटापट केली. एकही हलेना. काच दोन बोटं खाली आली आणि तिथंच रुतून बसली. मागचं दार तर कितीतरी महिन्यांपासून उघडतच नव्हतं. भोयर बोनेटपाशी उभा राहून "थांब वं, थांब वं" करत होता, जणू वहिनी कुठं निघाल्या होत्या!

तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली. मुहूर्त काय गाडीसाठी थांबतो? वहिनींनी काचेच्या फटीतून अक्षता टाकायला सुरुवात केली. त्या सगळ्या पडोळेच्या डोक्यावर पडल्या. त्यानंही हात जोडून आशीर्वाद घेतला.

मग काय, माहेरची सगळी माणसं गाडीपाशी यायला लागली. कुणी फटीतून हळदीकुंकू लावून गेलं. ताट आत जाईना, म्हणून पुऱ्या घडी घालून एकेक करून पाठवल्या. मठ्ठ्याचं जमलं नाही. शेवटी नवरा-नवरी मावशीच्या पाया पडायला आले आणि बोनेटला वाकून नमस्कार करून गेले!

वरात निघाली, बँड वाजला, आणि लॉक आपोआप उघडले. वहिनी खाली उतरल्या. साडी नीट केली आणि शांतपणे म्हणाल्या, "अजी, आजचं माफ केलं. माह्या माहेरच्या लोकायसमोर मी पिंजऱ्यातल्या पोपटावानी बसली. आता अजून एक डाव जरी हिनं माहा पचका केला ना, तं ही गाडी विकाची. बोलू नका."

 परतीच्या वाटेवर गाडी मात्र अशी चालली, की जसं काही झालंच नाही.

०००

मे महिना. नागपूरचा मे महिना, तेव्हा आणखी काही सांगत नाही. वर्धा रोडवर इंजिनच्या टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. भोयरनं सक्करदऱ्याच्या नाना मेकॅनिकला फोन लावला.

नाना म्हणाला, "हीटर फुल सोडा. इंजिनची गरमी अंदर येते अन् इंजिन वाचते."

"अन् आमी?"

"तुमचं काय? तुमी तं नागपूरचे ना!"

नाना सांगतो ते खोटं नसतं. हीटर सोडल्याबरोबर काटा खाली आला. आम्ही मात्र काचा वर करून बसलो होतो, कारण बाहेरची हवा आतल्याहून थंड नव्हती. सिग्नलला एक दुपट्टा गुंडाळलेला स्कूटरवाला आमच्याकडे पाहून म्हणाला, "मजा आहे राजेहो! एसी मारून राहिले!" भोयरनं लालबुंद चेहऱ्यानं त्याला हात दाखवला. इज्जतीचा प्रश्न होता.

उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून पडोळे खिशात कांदा ठेवतो. आमच्याकडे पुष्कळ जण ठेवतात. ऑफिसात पोचल्यावर त्यानं कांदा बाहेर काढला, दाबून पाहिला, वास घेतला आणि सगळ्या डिपार्टमेंटला विचारलं, "कांदा भाजून झाला. वांगं कोणाच्या खिशात आहे?"

०००

नानाच्या दुकानाला लागूनच उमेश इलेक्ट्रिशियनचं दुकान. मधे एकच भिंत. उमेशची बहीण नानालाच दिलेली. पण कुठल्याशा लग्नात मानपानावरून दोघांत बिनसलं आणि बोलणं बंद झालं.

तेव्हा पेशंटचं डोकं पूर्ण फिरलं होतं. ब्रेक दाबला की वायपर चालायचे. इंडिकेटर दिला की रेडिओ लागायचा. उजवा दिला तर शेतीचा कार्यक्रम आणि डावा दिला तर नुसती खरखर.

नाना म्हणाला, "हे वायरिंगचं काम आहे. त्याले सांगा."

उमेश म्हणाला, "इंजिनकडून येऊन राहिलं. त्यायले सांगा."

दोघंही आपापल्या दारात, हाताच्या अंतरावर उभे! मधे भोयर, इकडचं तिकडे सांगत. हे कितीतरी दिवस चाललं. हळूहळू निरोपांचा सूर बदलला.

"त्याले म्हणा, वायर पाहून घे. अन् म्हणा, बहीण विचारून राहिली, राखीले येतं का?"

भोयर एक पाऊल सरकून म्हणायचा, "ते विचारून राहिले, राखीले येतं का?"

"म्हणा, बलावलं तं येतो."

एके दिवशी उमेश गाडीखालून ओरडला, "सापडलं! ह्या गाडीले अर्थच नाही भेटून राहिला!" बॅटरीची अर्थिंगची तार जिथे बॉडीला कसतात, तिथला बोल्ट गंजून ढिला झाला होता.

पडोळे म्हणाला, "ह्या गाडीत कधी अर्थ होता?"

बोल्ट कसायला मोठा पाना हवा होता आणि तो नानाकडे. उमेश गाडीखाली पडून राहिला.  मग खालून आवाज आला, "जवाईबापू, पाना द्या."

नानानं पाना दिला. वर चहाही मागवला. मला खरंच बरं वाटलं. भोयरची तर छाती फुगली. "पाहिलं? लोकायचे संसार जोडते माही गाडी!"

"अन् तुहा?" पडोळेनं विचारलं.

०००

डिझेलचा काटा गाडी घेतल्यापासून काही वर्षं खरा होता. मग तो फुल्लवर जाऊन बसला आणि तिथंच राहिला. भोयर अंदाजानं डिझेल भरायचा. त्याचा अंदाज आणि हवामान खात्याचा, दोन्ही आमच्याकडे सारखेच.

पावसाळ्यात वहिनी सोबत असताना गाडी भर रस्त्यात थांबली. भोयर पायी पंपावर गेला. तिथला एक कर्मचारी दया येऊन मोटरसायकलवर कॅन घेऊन आला. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि तो चक्रावला.

"साहेब, काटा तं फुल्ल आहे!"

"अरे बाबा, तो सकाळपासून फुल्लच असते!"

वहिनी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "अन् मी समजत होती, आपल्या घरात कोणी पीत नाही."

बस. झाला पचका. वहिनींनी दोन दिवसांत स्वतःच गिऱ्हाईक शोधलं. कन्हानचा एक मंडपवाला. त्याला बांबू आणि कनाती वाहायला गाडी हवी होती. भोयरनं त्या दिवशी डबा उघडला नाही. "बांबू," एवढंच म्हणाला. आम्ही इतके दिवस हसलो, पण त्या दिवशी कुणालाच हसू आलं नाही.

०००

मंडपवाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता. त्याच सकाळी वहिनींना जुन्या नागपुरात, महाल भागात बहिणीकडे जायचं होतं. "शेवटचं नेऊन सोडा," त्या म्हणाल्या. मी आणि पडोळेही निरोप द्यायला म्हणून बसलो.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे नागपुरात मारबत. मारबतीचे मोठाले पुतळे मिरवत निघतात. सोबत बडगे, म्हणजे ज्याचा त्या वर्षी राग आला त्याचे पुतळे. आणि रस्ताभर लोक ओरडतात, "ईडा, पीडा, घेऊन जा गे मारबत!" शेवटी सगळं जाळतात. हे आम्हा सगळ्यांना जन्मापासून माहीत. भोयरलाही. पण त्या दिवशी त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्यानं शॉर्टकट म्हणून एका गल्लीत गाडी घातली आणि ती गल्ली नेमकी मिरवणुकीत उघडली.

आम्ही मधोमध आणि गाडी बंद!

नुसती बंद पडली असती तर निभावलं असतं. हॉर्न सुरू झाला, तो थांबेचना. वायपर फडफडायला लागले. एक हेडलाइट डोळा मारत होता. बोनेटमधून धूर निघाला. भोयरनं चावी काढून हातात घेतली, तरी काही फरक नाही.

गर्दी गाडीभोवती जमली. मग कुणीतरी टाळी वाजवली. "वा रे बडग्या! कोन्या मंडळाचा आहे गा?"

भोयर खिडकीतून ओरडला, "अरे, खरी गाडी आहे हे!"

"डायलॉगबी आहे त्याले!" लोक खूश.

बोनेटवर गुलाल पडला. कुणी आरशाला जुन्या चपलांची माळ अडकवली. पाच-पन्नास हात गाडीला लागले आणि आम्ही मिरवणुकीसोबत पुढे सरकायला लागलो. "महागाई घेऊन जा गे मारबत!" "रस्त्यावरचे खड्डे घेऊन जा गे मारबत!"

"हे जाळतील माही गाडी," भोयर म्हणाला.  "पडोळे, शेवटी जाळतात ना बे हे लोक!" त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंगला मिठी मारली. मला तर वाटलं, आता हा रडतो.

वहिनी त्याच्याकडे पाहत होत्या. बराच वेळ पाहत होत्या. मग त्यांनी पदर कमरेला खोचला, अर्धं अंग खिडकीतून बाहेर काढलं आणि असा आवाज लावला, की ढोलवाल्यांचे हात थांबले.

"भोयरची खटारी घेऊन जा गे मारबत!"

सगळी गर्दी एका सुरात ओरडली, "घेऊन जा गे मारबत!"

हॉर्न थांबला. वायपर खाली बसले. धूर विरला. आणि इंजिन सुरू झालं. इतकं गोड, इतकं एकसारखं, की जणू शोरूममधून आत्ताच बाहेर काढलंय.

चावी भोयरच्या हातात होती. मी पाहिली. पडोळेनंही पाहिली.

वहिनी आत आल्या. पदर सोडला, कपाळावरचा गुलाल पुसला.

"अजी, कन्हानवाल्याले फोन करा. म्हणा, गाडी विकाची नाही."

"काहून वं?" भोयरनं विचारलं.

"आता कुठं माहं ऐकाले लागली ते!"