चौदा नावांची फाईल

नाव: नोंदीप्रमाणे. हुद्दा: वरिष्ठ कारकून, कर्मचारी विभाग, तथा दस्तऐवज सुरक्षेसाठी जबाबदार व्यक्ती. वय: अठ्ठेचाळीस. उंची: मध्यम. ओळखीची खूण: खिशाला दोन पेनं, पैकी एक चालू स्थितीत. मतं: आढळली नाहीत. सेवेच्या चोवीस वर्षांत सदर व्यक्तीकडून कोणतीही माहिती बाहेर गेल्याची नोंद नाही.

कारखान्यात त्याला सगळे 'तिजोरी' म्हणत. कारखाना रंगाच्या ब्रशांचा. तिथे गुपितं ठेवण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण गेल्या वर्षी पाळ्या बदलण्याची यादी प्रिंटरवर तशीच राहिली आणि मॅनेजरबाईंच्या आधी ती चहावाल्याने वाचली. मग बाईंनी फायलींना कुलूप लावणारं सॉफ्टवेअर मागवलं. फाईल बंद केली की आतल्या मजकुराचा भुगा व्हायचा. पासवर्ड टाकला की तो परत माणसात यायचा. पासवर्ड विसरलो तर काय, असं हिशेबनिसाने विचारलं. शिकवायला आलेला गृहस्थ म्हणाला, मग फाईलपण विसरा.

विसरणार नाही असा माणूस ऑफिसात एकच होता. जबाबदारी त्याच्या गळ्यात पडली, आणि खरं सांगायचं तर त्याला ती आवडली. त्याने मोडक्या खुर्च्यांची यादी कुलपात टाकली, पंख्यांच्या दुरुस्तीची टाकली, चहाच्या कपांचीही टाकली. कप किती उरलेत असं कुणी विचारलं तर तो सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं वाक्य म्हणायचा. 'माहिती विचारल्यास खोटे सांगू नये,' असं त्या पुस्तिकेत होतं, 'याबाबत मला काही सांगता येणार नाही, एवढेच म्हणावे.' खोटं त्याला तसंही कधी जमलं नव्हतं. न बोलण्याला इतकं नीटस वाक्य असतं, हे मात्र त्याला नव्याने कळलं होतं.

अकरा तारखेला, बुधवारी, बाईंनी त्याला आत बोलावून हाताने लिहिलेला कागद दिला. पॅकिंगचं काम आता यंत्र करणार होतं. चौदा माणसं कमी व्हायची होती. यादी टाइप करायची, कुलपात ठेवायची, कागद फाडायचा. पत्रं वीस तारखेला, शुक्रवारी. तोवर तिसऱ्या कानाला कळता कामा नये.

सहावं नाव भाऊजींचं होतं. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, पॅकिंगमधले सगळ्यांत जुने. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता आणि ताई तेरा. पुढचं सगळं तिनेच केलं. टाइप करताना भाऊजींच्या आडनावात त्याची चूक झाली. त्याने ती दुरुस्त केली.

एवढ्यावर भागलं असतं तर त्याने गोष्ट पोटात ठेवलीही असती. पण गावाच्या दुसऱ्या टोकाला खोक्यांचा एक कारखाना होता आणि तिथल्या मालकाने भाऊजींना पॅकिंग सांभाळायला बोलावलं होतं. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. भाऊजी जेवणाच्या सुट्टीत रोज हसत सांगायचे की आपण नाही म्हणणार. दोन बस बदलायच्या, आणि छप्पन्नाव्या वर्षी पोरासोरांकडून काम शिकून घ्यायचं? इथे आपण कायम आहोत. समोर डबा उघडून बसलेला मेहुणा मान हलवायचा.

शनिवारपर्यंत त्याने ती फाईल नऊ वेळा उघडली. नाव दर वेळी सहावंच होतं. एकाला सांगायचं तर चौदांना सांगायला हवं, आणि चौदांना सांगायचं तर कुलूप कशाला, इथवर त्याचा विचार पोचायचा आणि तिथेच फतकल मारून बसायचा.

रविवारी तो नेहमीसारखा ताईकडे जेवायला गेला. लग्न त्याने केलं नव्हतं. रविवारचं ताट तिथेच असायचं. जेवता जेवता तो एकदम म्हणाला, की खोक्यांचा धंदा चांगला आहे म्हणतात. थोड्या वेळाने म्हणाला, तिकडची बस वेळेवर असते. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, त्या भागात झाडंही बरीच आहेत.

भाऊजींचा घास हातातच राहिला. "हा झाडांवर कधीपासून बोलायला लागला?" त्यांनी ताईला विचारलं. "एवढा कळवळा आहे तर तूच जा की खोकी भरायला."

ताई हसली नाही. जेवणं झाल्यावर तिने भावाला भांडी पुसायला स्वयंपाकघरात नेलं आणि नळ सोडून ठेवला.

"यांचं काही आहे का रे ऑफिसात?"

तो ताटली पुसत राहिला. नाही म्हणणं खोटं होतं, हो म्हणणं गुन्हा होता. मधली जागा पुस्तिकेने आखून दिली होती.

"याबाबत मला काही सांगता येणार नाही," तो म्हणाला.

ताईने नळ बंद केला. हा भाऊ लहानपणी ताप आला तरी न विचारता अंश सांगायचा. एकोणचाळीस वर्षांत असलं वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. काही नसतं तर तो 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. तेवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

"कळलं," ती म्हणाली. "ती ताटली ठेव आता, नक्षी जाईल तिची. आणि हे कुठे एक अक्षर बोलणार नाहीत. तुझ्या नोकरीवर यायला नको."

सोमवारी भाऊजी खोकेवाल्याला हो म्हणून आले. मंगळवारी त्यांचा राजीनामा कारकुनाच्या टेबलावर आला. त्याने त्याची नोंद केली आणि ती नोंदही कुलपात टाकली. पॅकिंगवाल्यांनी भाऊजींची भरपूर टर उडवली. म्हातारपणी पंख फुटले म्हणाले. भाऊजी नुसते हसले. बायकोने बजावलं होतं, आणि त्यांना तरी आपल्या एकट्यापुरतंच ठाऊक होतं.

बाईंच्या मनात पाल चुकचुकलीच. त्यांनी बोलावण्याआधीच तो आत जाऊन उभा राहिला.

"बहिणीने विचारलं होतं," तो म्हणाला. "सांगता येणार नाही म्हणालो."

बाईंनी सॉफ्टवेअरची नोंदवही उघडली. फाईल त्याच्याच यंत्रावर उघडली होती. जरा जास्तच वेळा. छापली नव्हती, पाठवली नव्हती, तिची नक्कल निघाली नव्हती.

"मग बरोबर केलंत. पुस्तिकेत तेच लिहिलंय."

"हो. पण तिला कळलं."

बाईंनी नोंदवही बंद केली. "त्याबद्दल पुस्तिकेत काही नाही," त्या म्हणाल्या, आणि सहावं नाव काढून क्रमांक नव्याने घालायला सांगितलं.

गुरुवारी दुपारी पॅकिंगमधल्या लेबलवाल्या बाई रजेचा अर्ज घेऊन आल्या. पुढच्या महिन्यात दोन दिवस. धाकट्या बहिणीचं घर हलवायचं होतं. मिळेल ना रजा, त्यांनी विचारलं, म्हणजे तिला आजच कळवते.

त्याने अर्ज वाचला. मग त्याने मान वर केली आणि एकेक शब्द सुटा करत, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "याबाबत मला काही सांगता येणार नाही."

तो थांबला. ताईला कळलं तसं यांनाही कळेल, असं त्याला वाटत होतं. पण लेबलवाल्या बाईंनी हे वाक्य खुर्च्यांबद्दल ऐकलं होतं, पंख्यांबद्दल ऐकलं होतं, कपांबद्दल तर दोनदा.

"तिजोरी, अहो, आता रजेचंसुद्धा गुपित?" त्या म्हणाल्या. "सही करा बघू. लेबलं वाळतायत तिकडे."

त्याने सही केली.

शुक्रवारी पत्रं वाटली. वर्षअखेरच्या अहवालात त्याच्या नावापुढे मॅनेजरबाईंनी लिहिलं: गोपनीयता उत्कृष्ट, सदर काळात दस्तऐवज फुटल्याची एकही घटना नाही.

लेबलवाल्या बाईंचं नाव मूळ यादीत अकरावं होतं. सुधारित यादीत दहावं.