प्रुफं मागणारा माणूस

मंडळी, आज सकाळी दारात साठीची एक अनोळखी बाई उभी. "कवितांची पुस्तकं छापायचे ते प्रेसवाले हितलेच का?" मी साखळी काढली नाही. हल्ली कोण कशाला येईल सांगता येत नाही.

"आमचे वडील तुमच्याकडनं प्रुफं न्यायचे," ती म्हणाली.

तो माणूस मला लगेच आठवला. आणीबाणीचे दिवस होते. माझे वडील, अण्णा, लग्नपत्रिका छापून उरलेल्या वेळात सोलापुरातल्या कवींची छोटी पुस्तकं काढायचे. भवानी पेठेतला हा गिरणी कामगार रोज येऊन तपासून टाकलेली प्रुफं मागायचा. ती रद्दी कुणाला कशाला हवी? हा पोलिसांचाच माणूस, असं मीच अण्णांच्या डोक्यात भरवलं. त्यांनी त्याला हाकललं आणि हस्तलिखितांसकट सगळ्या कविता बंबात घातल्या.

"त्यांना वाचता येत न्हवतं. माझ्याकडनं वाचून घ्यायचे की." एवढं बोलून तिनं दाराच्या फटीतून एक गठ्ठा दिला आणि ती गेली.

गिरणीच्या सुतानं शिवलेली प्रुफं, समासात अण्णांच्या खुणा. त्या कवितांचं आता एवढंच उरलंय.

मी तिचं नावही विचारलं नाही. गठ्ठा उघडून वाचत बसलो, तेव्हाही साखळी लावलेलीच होती. भवानी पेठेत कुणी ओळखतं का तिला?