डॉक्टर मिनेझिसांचं ‘बरोबर रे?’

पेशंट बरा होऊन जातो, औषधाची बाटली मागे राहते. माझ्याकडच्या किश्शांचं तसंच झालंय. झाशीत रेल्वेच्या लोको शेडला लागून एक छोटा दवाखाना होता, तिथे मी एकवीस वर्षं कंपाउंडर होतो. आता आम्ही दोन म्हातारे भेटलो की तिसरं वाक्य डॉक्टर मिनेझिसांचं निघतं. सुरुवात हसण्याने होते आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, “जाने दो भैया, चहा सांग.”

डॉक्टर गोव्याचे. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य, म्हणजे माणूस चक्क परदेशातून आलेला! आम्हा झाशीकरांचं मराठी घरातलं, उंबऱ्याबाहेर पडलं की हिंदी. मी मराठी बोलतो हे डॉक्टरांना कळलं आणि मग माझी सुटका नव्हती. दिवसभर आपलं, “वसंता, हे कर रे! वसंता, ते बघ रे!”

* * *

त्यांचं मुख्य काम ड्रायव्हर-फायरमनचे डोळे तपासायचं. पास झाला तर इंजिनावर, नापास झाला तर शेडमध्ये फडकं मारायला. आधी अक्षरांचा तक्ता, मग अंधाऱ्या खोलीत लाल-हिरवे दिवे. त्या खोलीत डॉक्टर आणि ड्रायव्हर दोघंच जायचे. बाहेर आले की डॉक्टर छातीवर क्रूस काढायचे आणि मगच ‘फिट’ लिहून सही करायचे.

प्रेमनगरचा रामभरोसे ड्रायव्हर ते बघून पांढराफटक पडला.

“डाक्टर साब, सच बताइए, हमें क्या हो गया है?”

“तुमको कुछ नहीं हुआ, बाबा! डर हमको लगता है!”

खरंच वाटायची हो भीती. आपण फिट म्हटलेला एखादा माणूस लाल सिग्नल चुकवेल आणि माणसं मरतील, ही एकच भीती ते जेवतानासुद्धा सोबत घेऊन बसायचे.

* * *

शेडचा भोंगा लांबलचक वाजला की समजायचं, कुठेतरी अपघात झाला. डॉक्टरने पेटी घेऊन मदतीच्या गाडीत चढायचं.

एका रविवारी भोंगा झाला. डॉक्टर चर्चमधून प्रार्थना अर्धी टाकून धावत आले ते गाडीकडे नाही, थेट दवाखान्यात! पेटी घेऊन त्यांच्या बायको रोझाबाई मागून धापा टाकत आल्या.

“ड्रायव्हर कोण? वसंता, रजिस्टर काढ!”

बबीना स्टेशनाजवळ दोन डबे घसरले होते, माणूस कुणी दुखावला नव्हता. ड्रायव्हरचं नाव आमच्या फिट केलेल्यांच्या रजिस्टरात नव्हतंच, दुसऱ्या शेडचा निघाला. मी म्हटलं, “सुटलो, डॉक्टर!”

ते घाम पुसत म्हणाले, “त्यालाही कुणीतरी फिट केलंच असेल ना रे?”

* * *

गोव्याहून आईचं पत्र आलं की डॉक्टर तीन-तीन दिवस ते खिशात घेऊन फिरायचे. उघडायचे नाहीत. तिकडे जाणं तेव्हा सोपं नव्हतं, आई आजारी, आणि हा एकुलता एक मुलगा इथे उन्हात.

“अहो, वाचा तरी!”

“उघडलं नाही तोवर आई बरी आहे, वसंता.”

शेवटी रोझाबाईंनीच एकदा फोडलं. आईने एवढंच विचारलं होतं, तिकडे मासे मिळतात का? त्या शुक्रवारी मी बरुआसागरच्या बसने तळ्यातले मासे मागवले. डॉक्टर जेवताना लहान पोरासारखे रडले.

* * *

आता आमच्या हुशार फायरमन मंडळींचं ऐका. पोरं व्हरांड्यात बसून तक्ता आरतीसारखा पाठ करायची. एक गडी आत आला, स्टुलावर बसला आणि धडाधड शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून मोकळा झाला. मी तक्ता अजून खिळ्याला लावलाच नव्हता!

डॉक्टर म्हणाले, “याददाश्त फिट, आँखें अनफिट!”

त्यानंतर तीन तक्ते आले आणि कधी कोणता लावायचा ते मी ठरवायला लागलो.

पुढे पुढे डॉक्टर प्रत्येक ओळीनंतर मला विचारायला लागले, “बरोबर रे?” मी ऐटीत सांगायचो, “बरोबर!” मला वाटायचं, माझा मान वाढला. गाढव होतो मी!

* * *

त्यांचा मुलगा कायतान फायरमनचा ड्रायव्हर होणार होता. डॉक्टरांनी त्याला तीनदा तपासलं. तिसऱ्यांदा तो वैतागला, “पप्पा, उद्या इंजिनाचे दिवे पण तपासणार का?”

डॉक्टरांनी क्रूस काढला आणि सही केली. सही कागद सोडून टेबलावर झाली! आम्ही सगळे हसलो. डॉक्टर म्हणाले, “पेन बिघडलंय.” मी त्यांना दुसरं पेन दिलं.

* * *

दोनेक वर्षांनी एका दुपारी डॉक्टर रोझाबाईंचा हात धरून आले. दवाखाना रिकामा होता.

“वसंता, आज मला स्टुलावर बसव. तक्ता लाव.”

त्या टेबलावरच्या सहीपासून माझ्या मनात पाल चुकचुकत होती. मी तीनही तक्ते कपाटातच ठेवले.

“लावला का रे?”

“लावला,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी एक डोळा झाकला आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी म्हटल्या. एक अक्षर चुकलं नाही. मग छातीवर क्रूस काढला.

“बरोबर रे?”

रोझाबाई कोऱ्या भिंतीकडे बघत होत्या. मी डॉक्टरांना हाताला धरून भिंतीशी नेलं आणि त्यांची बोटं रिकाम्या खिळ्यावर ठेवली.

ते कितीतरी वेळ खिळा चाचपत राहिले.

“रजिस्टर काढ,” शेवटी म्हणाले. “दोन वर्षांत मी फिट केलेले सगळे परत तपासायचे. दुसऱ्या डॉक्टरकडे. पहिलं नाव कायतान.”

“तो गाडीवर आहे हो,” रोझाबाई म्हणाल्या. “सकाळीच गेलाय.”

आणि आम्ही तिघंही शेडच्या भोंग्याकडे कान लावून उभे राहिलो.