कानामागे मोठीमायची बोटं

रानातून आलेल्या माणसाला मोठीमाय सरळ घरात घेत नसे. आधी ओट्यावर बसवायची, मान खाली घालायला लावायची आणि कानामागे, केसांच्या कडेला, काखेत बोटं फिरवून गोचीड शोधायची. माझ्या बहिणीच्या नवऱ्यालाही तिने सोडलं नाही. तो लाजून म्हणाला, "मोठीमाय, मी नुसता बांधावरून आलो." मोठीमाय म्हणाली, "गोचीड काय जावई बघून चावती का? मान खाली कर, जल्दी."

ही माझी चुलती. तीर्थपुरीला आमच्या भिंतीला लागून तिचं घर, अंगणात शेळ्या. माझी आई लवकर गेली, म्हणून मी तिच्याच हाताखाली वाढलो. लाड करणं तिला जमत नसे. तिने कधी पोटाशी धरलेलं मला आठवत नाही. पण दिवेलागणीला डोक्यातून फिरणारी ती खरबरीत बोटं आठवतात. गोचीड सापडली नाही तरी ती लगेच सोडायची नाही.

एकदा काकांनी मांडीवरची गोचीड विडीचा चटका देऊन काढली. तोंड आतच राहिलं, जखम पिकली. तेव्हा दवाखान्यातल्या बाईंकडून मोठीमाय चिमटा वापरायला शिकली. "कातडीला भिडवून धरायचं अन् सरळ वढायचं. पिळायचं न्हाई, बोटानं चिरडायचं न्हाई." मग साबणाने जागा धुवायची आणि बजावायची, "अंग गरम लागलं तर लपवू नको, डॉक्टरकडं जाऊ." शेळ्या तिने खाटांपासून लांब बांधल्या, भिंतीच्या फटी बुजवल्या, अंगणात गवत वाढू दिलं नाही. काका वैतागायचे, "हे घर हाये का दवाखाना?"

"दोन्ही हाये," ती म्हणायची. "तुमी पेशंट."

काका गेल्यावर मी तिला नवीन जालन्याला, माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं. शेळ्या शेजाऱ्यांकडे ठेवल्या. मी बँकेतून आलो की ती माझ्या खुर्चीपाशी जमिनीवर येऊन बसायची. "बाळ्या, मानंमागं काहीतरी चावून राह्यलं. बघ बरं."

मी बघायचो. काही नसायचं.

"नीट बघ," ती म्हणायची आणि डोळे मिटून घ्यायची.

ती गावी का परतली असं कोणी विचारलं, की मी शेळ्यांचं नाव सांगत आलो. ते खरं नाही.

एका संध्याकाळी आमचे साहेब आणि त्यांच्या पत्नी चहाला आले होते. मोठीमाय नेहमीसारखी येऊन बसली, पदर बाजूला सारला. "बघ बरं, गोचीड हाये का." साहेबांच्या पत्नीने पाय वर घेतले. मी म्हणालो, "मोठीमाय, इथं कुठून येणार गोचीड? रोजचं नाटक झालंय तुझं!"

ती पदर सावरत उठली. "हौ, बराबर हाये," एवढंच बोलली.

पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्यांना कुठं गोचीड काढून घ्यायची असते?" मला ते कळत होतं. रोजच कळत होतं. त्यानंतर मोठीमायनं कधी बघायला सांगितलं नाही, आणि मीही आपणहून तिच्या डोक्याला हात लावला नाही. थोड्याच दिवसांत ती गावी गेली.

गेल्या हिवाळ्यात ती वारली. त्याआधी सुगीत मी तिला भेटायला गेलो होतो. शेजारची पोरं ओट्यावर ओळीनं बसली होती आणि ती एकेकाच्या कानामागे चाचपत होती. डोळे अधू झाले होते, पण बोटं तीच. मी बूट काढले, पोरांच्या मध्येच जागा करून बसलो आणि मान खाली घातली.

ती माझ्यापाशी आली, थांबली. "खाली नको बसू बाबा, कपडे खराब हुतील. आत खुर्ची हाये."

आवाजात टोमणा नव्हता. मी तसाच वाट बघत राहिलो. मान वर केली, तेव्हा तिने माझ्यापलीकडच्या पोरीची वेणी उचलली होती.