पाचव्या खेट्याला टेकलेला पाय

देवावर माझा विश्वास होता, पण खरं सांगायचं तर भरवसा नव्हता. या दोहोंत फरक असतो हे मला फार उशिरा कळलं. आमची पहिली दोन्ही मुलं हातची गेली होती. मुलगा जन्मला तो रडलासुद्धा नाही. मुलगी तीन दिवस जगली. तिचं नाव आम्ही दोघांनी ठरवलं होतं, ते कुणाला सांगायची वेळच आली नाही. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा घरात आनंदाचा शब्द कुणी काढला नाही. बायको मुकाट्यानं कामं उरकायची आणि मी चहात साखर कमी पडली तरी खेकसायचो. मूळचाच मी तापट, त्यात भीती वाटली की मला रागच येतो. ते सगळे महिने मी सतत भीत होतो.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी ऑइल इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात फिरता मिस्त्री होतो. खेड्यांत विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की मला धाडायचे. त्या कामासाठी मी लष्कराच्या लिलावातली एक जुनी फटफटी घेतली होती. गावात फटफट्या मोजक्याच, त्यामुळं आवाजावरून कुणाची गाडी चालली ते कळायचं. आमच्यात एक नेम होता, कुणी लिहून ठेवलेला नव्हे पण सगळे पाळायचे. रस्त्यात कुणी फटफटीवाला अडलेला दिसला की थांबायचं. वाटेत गॅरेज नाही, दुकान नाही. आज त्याच्यावर वेळ आली, उद्या आपल्यावर येईल. मी स्वतः कितीजणांना पाना दिला असेल, आणि कितीजणांकडून घेतला असेल, त्याला गणती नाही.

माघात आमच्याकडं जोतिबाचे खेटे घालतात. पाच रविवार कोल्हापुरातून निघून डोंगरावर देवाला चालत जायचं, याला खेटे म्हणतात. बायकोला आठवा महिना लागला होता आणि ती पेठ वडगावला माहेरी होती. मी जोतिबाला बोललो, पाच खेटे घालीन, एवढं लेकरू जगू दे. पण माझ्या उजव्या गुडघ्यावर पूर्वी इंजिनाचं चाक पडलेलं. मैलभर चाललो की गुडघा भोपळ्यासारखा टम्म फुगायचा. म्हणून खेटे फटफटीवरून घालायचे ठरवले. मग वाटलं, इतक्या सुखासुखी जाऊन देवाला काय पोचणार? तेव्हा मीच माझ्यावर एक अट घातली. घराच्या उंबऱ्यापासून देवाच्या पायरीपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. लागला तर खेटा मोडला. आणि खेटा मोडला तर काय होईल, ते मी मनातसुद्धा बोललो नव्हतो, पण देवानं ते ऐकलंय अशी माझी पक्की समजूत होती.

आता आठवलं की हसू येतं. कट्ट्यावरून थेट सीटवर बसायचं, शेजाऱ्यानं मागून ढकलायचं आणि गाडी सुरू व्हायची. वाटेत बैलगाड्या आडव्या आल्या की मी थांबायचो नाही, तिथल्या तिथं गोल फिरत राहायचो. चालत निघालेले खेटेकरी टिंगल करायचे. एकजण ओरडला, "ओ पावणं, देव वर डोंगरावर हाय की! हितं कुणाला प्रदक्षिणा घालतायसा?" मी दात-ओठ खाऊन गाडी फिरवत राहिलो, पण पाय खाली टेकला नाही.

तिसऱ्या रविवारी केर्लीच्या पुढं एक फटफटीवाला रस्त्याच्या कडेला उभा दिसला. मागच्या चाकातली हवा गेलेली. मला बघून त्यानं हात केला. माझ्या पिशवीत ठिगळं होती, सोल्यूशन होतं, पंप होता. मी वेग न कमी करता ओरडलो, "खेटा हाय! थांबता येत न्हाय!" तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात जोडून कपाळाला लावले, जणू मी कुणी मोठा भक्तच चाललोय. परतताना पाहिलं तर तिथं कुणी नव्हतं. तो कसा गेला, कुणी थांबलं की ढकलत गेला, ते आजवर कळलेलं नाही. त्या दिवशी गुरवानं कपाळाला गुलाल लावला तेव्हा मला देवाकडं वर मान करून बघवेना. तरी मी स्वतःला समजावलं की लेकराच्या जिवापुढं एका माणसाची तंगडतोड ती काय!

पाचवा रविवार उजाडला. हा एक खेटा पार पडला की सुटलो, असं म्हणत सकाळी निघालो. डोंगराच्या चढाला लागलो आणि एका वळणावर साइडकारची फटफटी उभी दिसली. साइडकारमध्ये डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती आणि तिचा पस्तिशीचा मुलगा इंजिनापाशी वाकला होता. खेटेकरी "चांगभलं" म्हणत बाजूनं चालले होते. त्या बिचाऱ्यांना इंजिनातलं काय कळणार! मी ठरवलं, बघायचंच नाही. नजर समोर ठेवून मी पुढं निघून गेलोही असतो. पण जाता जाता डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की त्या गृहस्थानं एक दगड उचललाय आणि तो मॅग्नेटोवर हाणतोय. ठिणगी पाडणारा तो नाजूक भाग, आणि हा त्यावर दगड घालतोय! माझ्या टाळक्यात तिडीक गेली. "अहो, हाणू नका! जीव जाईल की गाडीचा!" असं ओरडून मी ब्रेक दाबला, आणि डावा पाय धाडकन जमिनीला टेकला.

टेकल्यावर मला कळलं. मी त्या पायाकडं बघत राहिलो. देवावर श्रद्धा म्हणून थांबलो नाही, दया आली म्हणूनही नाही. माझ्यातल्या मिस्त्रीला राग आला म्हणून थांबलो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आणि मग तो सगळा राग मी त्या माणसावर काढला. तोंडाला येईल ते बोललो. तो बापडा दगड हातात धरून ऐकत राहिला. शेवटी माझाच आवाज फाटला आणि मी रस्त्याकडेच्या दरडीवर बसून रडायला लागलो. वाटेनं चाललेले लोक बघत होते, त्याची लाज वाटली नाही.

म्हातारीनं मला हाक मारली. "तम्मा, हिकडं ये." धाकट्या भावाला तिकडं गडहिंग्लजच्या बाजूला तम्मा म्हणतात. ती माणसं तिकडचीच, मिरचीचा व्यापार करणारी, घरात निम्मं कानडी बोलणारी. मुलाचं नाव बसाप्पा, आणि तो तिला अव्वा म्हणायचा. तिनं विचारलं तसं मी सगळं सांगून टाकलं: दोन लेकरं, बायको, पाच खेटे, पाय. माझं संपल्यावर ती म्हणाली, "पाय तुझा टेकला, पर टेकवला आमी. मग दोष कुणाचा? आमचाच की. तू आधी गाडी चालू कर, मग बघू."

मी नाक पुसलं आणि कामाला लागलो. मॅग्नेटोचा पॉइंट चिकटला होता, प्लगवर काजळी बसली होती. पॉलिश पेपरनं घासून दोन्ही साफ केले. तिसऱ्या किकला इंजिन धडधडलं. बसाप्पा म्हणाला, "दगूड टाकून देतो आता, मिस्त्री." मला त्या अवस्थेतही हसू फुटलं.

आम्ही मिळून वर गेलो. गाभाऱ्यासमोर अव्वानं मला शेजारी उभं केलं. मी आयुष्यात पुष्कळ प्रार्थना ऐकल्यात, पण तशी नाही. तिनं लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी देवापुढं पसरला आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं खणखणीत आवाजात बोलली, "केदारलिंगा, ह्या लेकराचा खेटा माझ्या गाडीपायी मोडला. जो काय दोष असंल तो हितं माझ्या पदरात घाल. त्याच्या बायकोच्या ओटीत घालू नगंस." मग तिनं पदराला गाठ मारली आणि तो कमरेला खोचला. जणू खरंच काही त्यात पडलं होतं. ना ओळख ना पाळख, आणि ही बाई माझं अरिष्ट बांधून घेऊन चालली होती. मला तिचे पाय धरण्यावाचून काही सुचलं नाही.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "सून कुठं हाय?" मी सांगितलं, वडगावला. "मग चला, तिची ओटी भरू." बसाप्पा वैतागला. "अव्वा, आपली वाट दक्षिणेला, वडगाव उलट्या अंगाला. घरी पोचायचं कधी?" ती साइडकारमध्ये जाऊन बसली आणि म्हणाली, "गाडीला चाकं हायत की न्हाईत? मग वळव." मीही नको नको म्हणत होतो. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी अजून तीन आठवडे सांगितले होते, ओटी पुढच्या रविवारी भरली तरी चालली असती. पण तिच्यापुढं आम्हा दोघांचं काही चाललं नाही.

वडगावला सासरवाडीच्या दारात पोचलो तर दारात बायकांचा घोळका. दुपारपासूनच कळा सुरू झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं की कळा येताच कोल्हापूरच्या दवाखान्यात आणा, घरी बाळंतपण करू नका. पण दुपारची मोटार निघून गेलेली, पुढची संध्याकाळी. मेव्हणा बैलगाडी जोडत होता. सासूबाई मला बघून रडतच म्हणाल्या, "जावईबापू, बैलगाडीनं कवा पोचायचं वो?" माझी फटफटी दारात होती, पण त्या अवस्थेतल्या बाईला मागं बसवणार कसं? माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, पाय टेकला, पाय टेकला.

अव्वा तोवर साइडकारमधून उतरलीसुद्धा होती. "वाकळ आणा," ती ओरडली, "दोन आणा! बसाप्पा, मिरचीचं पोतं काढ तिथलं!" साइडकारमध्ये वाकळा अंथरल्या, बायकोला त्यात बसवलं, सासूबाई बसाप्पाच्या मागं बसल्या. अव्वानं ओटीचे तांदूळ आणि नारळ तिच्या पदरात टाकले, तेवढंच, हळदकुंकवालाही वेळ नव्हता. "तुम्ही?" मी विचारलं. "मी हितंच बसते. मला कुठं कळा सुटल्यात? जा!" पुढं मी हॉर्न वाजवत, लोकांना बाजूला काढत, मागं बसाप्पा. त्यानं दगडांच्या रस्त्यावरून ती साइडकार कशी नेली, खड्डा आला की कसा अलगद काढला, ते मी आरशातून बघत होतो. सकाळी याच माणसाला मी अडाणी म्हणालो होतो. त्या दहा-बारा मैलांत मी देवाशी काही बोललो नाही. कुठली अट घातली नाही, काही कबूल केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं देवाला द्यायला काही उरलं नव्हतं, आणि नवल म्हणजे भीतीही उरली नव्हती. तू बघ, एवढंच मनात होतं.

दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली. नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती होते. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन माझ्यावरच डाफरल्या, "इतका उशीर का केलात? घरी ठेवली असती तर ही हाताला लागली नसती." मग आतून रडणं ऐकू आलं. चांगलं दणदणीत, माझ्यावर गेलेलं. मी दवाखान्याच्या ओसरीवर मटकन बसलो. बसाप्पा शेजारी येऊन बसला आणि त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी अव्वाला आणायला मी वडगावला गेलो. पदराची गाठ तिच्या कमरेला तशीच होती. मी म्हणालो, "अव्वा, तुम्ही दोष अंगावर घेतलात. उद्या तुम्हाला काही झालं तर?" ती म्हणाली, "ते मी आणि देव बघून घेऊ. तुला कशाला नसती पंचाईत?" आणि मुलगी झाल्याचं ऐकून तिनं शेजारपाजारच्या बायकांना गूळ वाटायला लावला.

लोक मला विचारतात, मिस्त्री, घाईत असताना अनोळखी माणसासाठी गाडी थांबवावी का? लुबाडणारेही असतात, वेळ जातो, आपली कामं खोळंबतात. हे सगळं खरं आहे. मी वाद घालत नाही. त्या दिवशी जे घडलं त्याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, यावरही मी कुणाशी भांडत नाही. मी फक्त थांबतो. देवाच्या वाटेवर अटी मी घातल्या होत्या, त्यानं नव्हे, एवढं मला समजलं, आणि अव्वाच्या रूपानं ज्यानं ते समजावलं त्याचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

बायकोला मात्र पाय टेकल्याचं सांगायचं धाडस मला चार दिवस झालं नाही. पाचव्या दिवशी मुलगी तिच्या कुशीत झोपली होती, तेव्हा मी खाली बघत सगळं कबूल केलं. वाटलं, ती रडेल, रागावेल. ती बाळाचं टोपडं सारखं करत म्हणाली, "अहो, एवढा मोठा डोंगर सोडून देव तुमच्या पायाकडं बघत बसला असेल होय? घ्या हिला, माझा हात अवघडलाय."

मी मुलीला घेतलं.